लाल आधी का गेला

१

चौकशी समितीने एका मेलेल्या माणसाला दोषी ठरवलं होतं, आणि ते ठरवताना सगळ्यांनी मिळून ढोकळा खाल्ला होता.

ढोकळ्याचं मृणालला कोणी सांगितलं नव्हतं. अहवालाच्या मसुद्यावर, नेमका निष्कर्षाच्या परिच्छेदापाशी, तेलाचा पिवळट डाग होता आणि त्यात मोहरीचा एक दाणा चिकटून बसला होता. डाग वाचणं हा तिचा धंदाच. दिल्लीतल्या एका संग्रहालयात ती जुनी वस्त्रं आणि गालिचे सांभाळायची. कुठला रंग कशाने उडाला, गालिच्याची कोणती बाजू वर्षानुवर्षं खिडकीकडे होती, हे ओळखण्याचा तिला पगार मिळत असे.

मसुदा सरकारी इंग्रजीत होता. त्या भाषेत माणूससुद्धा कर्मणी प्रयोगात मरतो. तरी हकिगत समजत होती. दिल्ली आणि गुरुग्रामच्या हद्दीवरचा एक चौक. मुख्य रस्त्याने पश्चिमेकडून येणाऱ्या गाड्यांसाठी जो सिग्नल होता, त्याचा लाल दिवा इतका मंदावला होता की संध्याकाळचं ऊन भिंगावर पडलं की तो पेटलाय की नाही ते कळेना. एका मोटारवाल्याला तो दिसलाच नाही. बाजूच्या रस्त्याने शिवांगी नावाची तरुण फिजिओथेरपिस्ट आपला हिरवा बघून स्कूटरवरून निघाली होती. ती जागीच गेली. चौकातले चारही सिग्नल दोन वर्षांपूर्वी नवे बसवलेले. सात वर्षं टिकतील असं भाकीत. भाकीत सुधाकर राजहंस यांच्या कोष्टकावरून केलेलं. म्हणून दोष सुधाकर राजहंस यांचा. खाली सह्यांसाठी जागा मोकळी ठेवली होती.

सुधाकर राजहंस मृणालचे वडील. केंद्र सरकारच्या नोकरीत त्यांनी सगळा जन्म एका प्रश्नापायी घालवला: रस्त्यावरचा दिवा किती वर्षं जगतो? निवृत्तीनंतरही खात्याने त्यांना मानद सल्लागार म्हणून ठेवून घेतलं होतं, म्हणजे काम करून घेऊन खुर्ची दिली नव्हती.

अपघात झाला तेव्हा ते घरीच होते. डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे डॉक्टरांनी दिवसरात्र पालथं झोपायला सांगितलेलं. वर्तमानपत्र नाही, टीव्ही नाही, भेटायला माणसं नाहीत. मृणाल हैदराबादला एका प्रदर्शनाच्या कामात होती. आईने फोन त्यांच्या कानाला लावून दिला होता.

"माझाच आकडा चुकला गं," उशीत दबलेला आवाज आला होता. "बाजूच्या रस्त्याला लाल जास्त जळतो, ते सगळं धरलं होतं मी. तरी कमी पडलं. त्या मुलीला मी मारलं, मृणाल."

महिन्याभरात त्यांचं हृदय थांबलं. खुनी म्हणूनच गेले ते, निदान स्वतःच्या हिशोबात.

आता समितीचे अध्यक्ष अण्णासाहेब निंबकर यांनी वारस म्हणून तिला सौजन्याने मसुदा पाठवला होता. शुक्रवारी सह्या होणार. तत्पूर्वी काही म्हणायचं असेल तर म्हणावं. एकदा सह्या झाल्या की बाबांची चूक सरकारी सत्य होणार होती, आणि दिल्लीत सरकारी सत्याइतकं टिकाऊ दुसरं काही नाही.

तिने मसुदा पुन्हा वाचला. बाबांचं कोष्टक तिला लहानपणापासून पाठ होतं, कारण जेवताना दुसरा विषयच नसे. मुख्य रस्त्याला हिरवा जास्त वेळ जळतो, म्हणून तिथे हिरवा आधी म्हातारा होतो. बाजूचा रस्ता सदा खोळंबलेला, तिथे लाल आधी म्हातारा होतो. दिवा जळतो तेवढाच झिजतो.

हा सिग्नल मुख्य रस्त्याचा होता. मग इथे लाल आधी का गेला?

२

निखिल मोकाशीचं ऑफिस गुरुग्रामच्या एका काचेच्या टॉवरमध्ये इतकं उंचावर होतं की तिथून रस्ता दिसतच नव्हता, नुसतं धुरकट काहीतरी दिसत होतं. रस्त्यांबद्दल सल्ला द्यायला ही जागा उत्तमच, असं मृणालला वाटलं.

दिव्यांच्या आयुष्याचं भाकीत खात्याला विकणाऱ्या कंपनीचा निखिल मूळचा पुण्याचा. दिल्लीत मराठी माणसं एकमेकांना शोधून काढतात आणि मग पस्तावतात, त्या शोधाशोधीत दोनतीनदा बाबांकडे जेवून गेलेला.

"अरे, राजहंसकाकांची मुलगी! सो सॉरी, यार. काय घेणार? कोल्ड ब्रू?"

"पाणी चालेल."

भिंतभर एक पडदा होता. त्यावर दिल्लीचा नकाशा आणि हिरव्या ठिपक्यांचं पीक. प्रत्येक ठिपका म्हणजे एक सिग्नल, आणि ठिपक्याला हात लावला की त्याचं उरलेलं आयुष्य दिसायचं. मृणालने हद्दीवरचा तो चौक शोधून बोट ठेवलं. ठिपका हिरवागार होता. शिल्लक आयुष्य: पाच वर्षं.

"हा मेलाय ना?" तिने विचारलं.

"हां, ते... सिस्टिममध्ये अपडेट व्हायचंय."

"एक मुलगी गेली, माझे वडील गेले, आणि हा अजून पाच वर्षं जगणार आहे."

"मृणाल, डोन्ट बी लाइक दॅट." निखिलने आवाज मऊ केला. बहुधा याचंही कुठेतरी प्रशिक्षण मिळत असावं. "बघ, मॉडेल इज ओन्ली ॲज गुड ॲज इनपुट. इनपुट काकांचं होतं."

"त्यांच्या कोष्टकात तीन दिव्यांना तीन वेगळी आयुष्यं होती. आणि मुख्य रस्ता वेगळा, बाजूचा वेगळा."

"होती ना. आम्ही ॲव्हरेज केलं. युझरला सिम्पल पाहिजे असतं. तीन दिव्यांचं खोकं म्हणजे एक हेड. हेड इज अ हेड."

"लाल मेला आणि हिरवा जिवंत असला तर?"

"तर हेड अर्धं जिवंत!" तो हसला, मग कोणाशी बोलतोय ते आठवून थांबला.

"सिग्नलचं वय कसं कळतं तुम्हाला?"

"टॅगवरून. खात्याच्या यार्डात माल आला की आमची मुलं जाऊन खोक्यावर टॅग लावतात. स्कॅन केलं की वय सुरू."

"खोक्यात काय आहे ते बघतात का?"

"ती टॅग लावायला जातात यार, बघायला नाही."

एवढ्या प्रामाणिक वाक्याची तिने त्याच्याकडून अपेक्षा केली नव्हती.

"पण माल फर्स्ट क्लास होता," निखिल म्हणाला. "थांब, उद्घाटनाचा व्हिडिओ दाखवतो."

पडद्यावर चौक आला. झेंडूच्या माळा घातलेला खांब. पाहुण्यांनी बटण दाबलं, चारी बाजूंना एकदम हिरवा झळकला, टाळ्या झाल्या. चारी बाजूंना एकदम हिरवा म्हणजे चारी बाजूंनी एकदम धडक, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणाच्या डोक्यात आलेलं दिसत नव्हतं. हिरवा मात्र खरोखर पाचूसारखा होता.

"बघितलंस? ब्रँड न्यू," निखिल म्हणाला. "चारही हेड आता नोएडाच्या कारखान्यात रुचिताकडे पडलेत. जाऊन बघ हवं तर. बघण्यासारखं काही नाहीये."

एखाद्याने असं सांगितलं की मृणाल हमखास जाऊन बघत असे.

३

रुचिता डिमेलो वसईची. सिग्नल बनवणाऱ्या नोएडातल्या कारखान्याचा दिल्लीचा सगळा कारभार तिच्या हातात होता, आणि बोलण्यात ती कोणाला पुढे जाऊ देत नसे.

"सील आहे समितीचं, उघडता येणार नाही. लावून दाखवते, चलेगा? आणि तुम्ही-बिम्ही नको म्हणू, मला माझी सासू आठवते."

चार खोकी एका लांब टेबलावर मांडली होती. बाहेरून कोरी करकरीत. रुचिताने एकेकाचा हिरवा लावला. मृणालला डोळे बारीक करावे लागले.

"आता लाल लाव."

लाल लागला. चारही खोक्यांत एखाद्या विझत आलेल्या शेगडीसारखा.

"बाप रे," रुचिता म्हणाली. "चारही?"

"उद्घाटनाला कोणी लाल लावून बघितला नव्हता?"

"उद्घाटनाला लाल? वेडी आहेस का? नारळ फोडायचा, हार घालायचा आणि लाल लावायचा? मंत्री असो की नगरसेवक, हिरवाच पाहिजे. फोटोत लाल दिसला तर माझी उचलबांगडी होईल. अपशकुन, यार."

"आणि माल ताब्यात घेताना?"

"तेच ताब्यात घेणं. हिरवा लागला, टाळ्या झाल्या, झालं काम."

मृणाल टेबलापाशी वाकून बराच वेळ बघत राहिली. तिच्याकडे कधी कधी असे गालिचे यायचे, ज्यांची फक्त एक कडा फिकी असायची. मालक शपथेवर सांगायचे की आमच्याकडे हा अंधाऱ्या खोलीत होता. असेलही. पण त्याच्या आधी तो दुसऱ्या कोणाच्या खिडकीपाशी होता.

"हे दिवे जुने आहेत, रुचिता. खूप वर्षं बाजूच्या रस्त्यांवर लाल जळून जळून झिजलेत. हिरवा तिथे क्षणभर लागतो, म्हणून तो कोरा राहिला. खोकं तेवढं नवं आहे."

रुचिताचा चेहरा उतरला आणि लगेच चढला. "म्हणजे मी जुना माल दिला?"

"तुझ्याकडे जुना येणार कुठून? तू बनवतेस."

"एक्झॅक्टली! जुने दिवे काढले की खात्याच्या यार्डात जातात. आणि आमचा नवा मालही आधी यार्डातच जातो, तिथून माझे फिटर उचलतात. दहा वर्षं आम्हीच देतोय, आतली बनावट तीच. खोक्यातले दिवे बदलले तर फिटरला काय कळणार?" ती थांबली. "पण हेही खरं, की माझ्या फिटरनी नवे विकले आणि जुने लावले, असंच सगळे म्हणणार. प्रायव्हेट कंपनी ना आम्ही."

"यार्डात तुझी माणसं जातात, निखिलची जातात आणि खात्याची असतातच."

"मग काय, कोणीही असू शकतो."

"नाही," मृणाल म्हणाली. "कोणी डोळे मिटून चार जुने उचलले असते तर काहींचा हिरवा गेलेला असता, काहींचा लाल. इथे चारही एकसारखे आहेत. हे वेचून घेतलेत. उद्घाटनाला हिरवाच लागणार हे माहीत होतं, आणि हिरवा कोणत्या दिव्यांचा कोरा असतो हेही माहीत होतं."

"ते कोणाला माहीत असणार?"

ज्याने बाबांचं कोष्टक मनापासून वाचलं होतं त्याला. मृणालने हे मोठ्याने म्हटलं नाही. कोष्टक निखिलकडे होतं. रुचिताच्या कारखान्यात बाबांनी त्यावर व्याख्यान दिलं होतं. आणि तिसरा माणूस तर ते कोष्टक जन्मताना हजर होता.

४

सुधन्वा बेहेरे आर. के. पुरमच्या सरकारी घरात राहायचा. खात्याचं सिग्नलचं यार्ड त्याच्या अखत्यारीत होतं. बाबांच्या हाताखाली तो पोरसवदा इंजिनिअर म्हणून आला आणि घरचाच झाला. मृणाल त्याला दादा म्हणायची.

"ये, मृणाल. चपला राहू देत गं."

समोरच्या भिंतीवर बाबांचा फोटो होता. मोठा, चंदनाचा हार घातलेला. मृणालच्या घरी आईने अजून हार घातला नव्हता. इथे मात्र सगळं वेळेवर झालं होतं.

"सर म्हणजे माझे गुरू," सुधन्वा म्हणाला. "उन्हातान्हात खांबाखाली उभं करायचे मला. कुठल्या रस्त्याला कुठला दिवा किती जळतो ते बघत राहा म्हणायचे. लोक हसायचे आम्हाला. त्या निखिलला तीन रकाने कशाला असतात तेसुद्धा कळत नाही, आणि हे लोक आता सरांच्या नावावर बिल फाडतात."

"तू समितीत आहेस ना दादा? तू काय म्हणालास?"

"मी स्थळपाहणी केली, तेवढं लिहून दिलं. पण सरांबद्दल दोन चांगली वाक्यं घालायला लावली मी. त्यांची निष्ठा वादातीत होती, असं."

"निष्ठा वादातीत आणि गणित चुकीचं."

"असं का घेतेस?" त्याने चष्मा काढून डोळे पुसले. रडत होता तो, यात काही शंका नव्हती. "सरांना अपघाताचं मीच सांगितलं. परक्याच्या तोंडून कळू नये म्हणून स्वतः गेलो. त्या दिवसात घरी कोणाला सोडत नव्हते काकू, पण मला सोडलं. काय अवस्था झाली सरांची... मी जन्मात विसरणार नाही."

मृणालने त्याला टेबलावरच्या चार दिव्यांचं सांगितलं. जुने आहेत, वेचलेले आहेत. सांगताना ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. तो चेहरा दुःखी होता, आणि दुःखीच राहिला.

"शक्य आहे," तो सावकाश म्हणाला. "निखिलच्या पोरांनी कशाला काय टॅग लावले देव जाणे. आणि रुचिताचे फिटर... तू बघितलंस ना तो कारखाना? पण मृणाल, तू यात पडू नकोस. त्यात कंपन्या आहेत, वकील येतील. सर निवृत्त होते, आणि आता तर गेले. त्यांच्या नावावर हे मिटलं तर कोणाचं काही बिघडत नाही. जिवंत माणसाला मुलंबाळं असतात गं."

"मेलेल्यालाही असतात. एक समोर बसलीये."

आतून त्याची बायको चहा घेऊन आली आणि दोघांची बोलण्यापासून सुटका झाली.

मेट्रोत बसल्यावर मृणालच्या मनात एकच वाक्य घोळत राहिलं. ते सुधन्वाचं नव्हतं, बाबांचंच होतं, फोनवरचं. घरी पोचेपर्यंत आईला काय विचारायचं ते तिने ठरवलं होतं.

५

दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये आई मटार सोलत बसली होती. प्रमोदिनीबाईंना सिग्नलमधलं काही कळत नसे, आणि कळून घेण्याची इच्छाही चाळीस वर्षांत झाली नव्हती.

"आई, सुधन्वादादा अपघाताचं सांगायला आला, तेव्हा तू खोलीत होतीस?"

"होते की. ह्यांचं डोकं धरून बसले होते, वर करतील म्हणून. का?"

"बाबांनी त्याला काही विचारलं?"

"विचारलं ना. दुसरं काय विचारणार? त्या मुलीचं नाव विचारलं आधी. मग म्हणाले, कुठल्या रस्त्याचा लाल? मुख्य की बाजूचा?"

"आणि दादा?"

"तो म्हणाला, बाजूचा, सर. ह्यांनी परत विचारलं. नक्की बाजूचा? तो म्हणाला, मी स्वतः बघून आलोय." आईने एक शेंग उघडली. "मला आठवतं, कारण मला राग आला होता. एक पोर मेलीये आणि हे रस्ते कसले विचारतायत, असं झालं मला. मी बोलले पण तसं. मग गप्प झाले."

मृणाल उठून खिडकीपाशी गेली. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि कोणीतरी त्याच्यावर ओरडत होतं.

बाबांनी आपली चूक मान्य केली होती. सगळ्यांनी तोच त्यांच्या अपराधाचा पुरावा धरला होता. मान्य केली हाच पुरावा होता खरा, पण दुसऱ्या कोणाच्या तरी अपराधाचा.

६

शुक्रवारी समितीच्या खोलीत ढोकळ्याऐवजी कचोरी होती.

अण्णासाहेब निंबकर निवृत्त सचिव होते. वर्षभर कुठल्या ना कुठल्या समितीवर असायचे आणि प्रत्येक समितीत एकाच सुरात झोपायचे. एका बाजूला निखिल, दुसऱ्या बाजूला रुचिता, मध्ये सुधन्वा. रुचिताने सांगितल्यावरून चारही खोकी आणून टेबलावर ठेवली होती, आणि त्यामुळे कचोरीला जागा कमी पडली होती.

"बोला बेटा," अण्णासाहेब म्हणाले. "वडिलांबद्दल दोन शब्द बोलायचे असतील ना?"

"वडिलांबद्दल नाही. दिव्यांबद्दल बोलते."

तिने रुचिताला खूण केली. हिरवे लागले, मग लाल. खोलीत कोणीतरी च्यक् केलं. जुने दिवे, नवी खोकी, उद्घाटनाचा हिरवा, वेचून घेतलेले चार: तिने सगळं सांगितलं. निखिल पहिल्यांदाच फोन उलटा ठेवून ऐकत होता.

"वेचणारा तीन रकाने समजणारा माणूस असणार. निखिल, तू त्यांची सरासरी काढलीस. ज्याला फरक कळतो तो सरासरी काढत नाही. तू यात नाहीस, फक्त मूर्ख आहेस."

"हॅलो!" निखिल म्हणाला, पण सुटल्यासारखा.

"रुचिता, तुला लाल चारही गेलेत हे परवा माझ्यासमोर कळलं. चोराने माल लपवला असता, टेबलावर मांडून दिवे लावून दाखवले नसते. तुझ्या फिटरनी चोरलं असतं, तर हाताला येईल ते जुनं लावलं असतं, बाजूच्या रस्त्याचं निवडून नाही."

सुधन्वा शांत होता. "मृणाल, तुला माझ्याकडे यायचंय का? यार्ड माझं आहे, कोष्टक मला येतं. म्हणून मीच? याला पुरावा म्हणत नाहीत गं."

"नाही म्हणत. पुरावा बाबांनी ठेवलाय." ती अण्णासाहेबांकडे वळली. "तुमच्या मसुद्यात लिहिलंय, की मुख्य रस्त्याचा लाल गेला. ही स्थळपाहणी बेहेऱ्यांची. बरोबर?"

"बरोबर."

"माझे वडील मला फोनवर म्हणाले, बाजूच्या रस्त्याला लाल जास्त जळतो ते धरलं होतं, तरी कमी पडलं. बाजूच्या रस्त्याला! त्यांना कोणी मुख्य रस्ता सांगितला असता तर पालथं पडल्यापडल्या त्यांनी सांगितलं असतं, की हे शक्यच नाही, मुख्य रस्त्याला आधी हिरवा जातो, हे दिवे जुने आहेत, यार्ड तपासा. एका मिनिटात सांगितलं असतं. म्हणून त्यांना रस्ता चुकीचा सांगितला गेला. डोळे बांधलेले, पेपर बंद, घरी यायला एकाच माणसाला परवानगी. आणि हा रस्ता बदलला की बाबांना संशय येणार नाही, ते स्वतःलाच दोष देतील, हे कळायलाही कोष्टक पाठच लागतं. निखिलला ही थापसुद्धा मारता आली नसती."

"काकूंचा काहीतरी गैरसमज झाला असेल," सुधन्वा म्हणाला.

"मी आईचं नावही घेतलं नाही, दादा."

अण्णासाहेबांनी डोळे पूर्ण उघडले. त्यांना डोळे आहेत हे अनेकांना त्या दिवशी कळलं. "बेहेरे, राजहंसांना तुम्ही काय सांगितलंत?"

सुधन्वाने चष्मा काढला. या वेळी डोळे कोरडे होते.

"परिषद होती, साहेब. परदेशी पाहुणे. ऐन वेळी त्यांच्या ताफ्याचा मार्ग वाढला, नवे सिग्नल कमी पडले. वरून फोनवर फोन. मी हद्दीवरच्या चौकाच्या खोक्यांतले नवे दिवे काढून तिकडे लावले आणि इकडे... दोन महिन्यांसाठीच होतं. मग कोणी विचारलं नाही. बढती झाली. राहून गेलं." तो मृणालकडे वळला. "सरांना त्रास द्यायचा नव्हता मला. शपथ घेऊन सांगतो. त्यांच्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नसतं गं. म्हणून फक्त..."

"म्हणून फक्त त्यांना फसवलंस. बाकीच्यांना फसवायची गरजच नव्हती." मृणालने पर्स उचलली. "ह्या खोलीत त्यांची खरी किंमत तुला एकट्यालाच माहीत होती. ती तू चांगली वापरलीस. तो फोटो भिंतीवरून काढ. आज संध्याकाळपर्यंत."

अण्णासाहेब मसुदा पुढे ओढून पेन शोधत होते. बाबांबद्दल काय लिहावं, एखादं गौरवाचं वाक्य, असं त्यांनी तिला विचारलं.

"गौरव नको. कोष्टक बरोबर होतं, एवढंच लिहा. निष्ठेचं वाक्य खोडून टाका."

रुचिता तिच्याबरोबर लिफ्टपर्यंत आली. बटण तिनेच दाबलं.

७

आईला तिने सगळं क्रमाने सांगितलं. दिवे, उद्घाटन, परिषद, सुधन्वाची थाप. पोलीस आता यार्डात जातील, सुधन्वाला निलंबित करतील, त्या मुलीच्या घरच्यांना खरं काय ते कळेल. बाबांवरचा दोष मसुद्यातून गेला.

आई ऐकत होती. मध्ये एकदा तिने विचारलं, "सुधन्वाने? आपल्या सुधन्वाने?"

"त्यांचा आकडा चुकला नव्हता, आई. अगदी बरोबर होता. बाबांनी कोणालाही मारलं नाही."

मृणालला वाटलं होतं की आई रडेल, किंवा देवापाशी दिवा लावेल. आई पदराची कडा बोटांनी सरळ करत बसली. मग म्हणाली, "म्हणजे हे उगीचच गेले."

गेला आठवडाभर मृणालने सगळ्यांचं म्हणणं खोडून काढलं होतं. ती आईशेजारी बसून राहिली. हे खोडता येण्यासारखं नव्हतं.